कंगव्याला हरकत नाही

शेवटचा साधा दिवस रविवार होता, आणि त्या रविवारी केळुसकरांच्या घरात वाद चालला होता तो चौदा पानांवरून.

चौदा फुलस्केप पानं, दोन्ही बाजूंनी, निळ्या शाईत. केळुसकर गुरुजींनी ती आठ दिवस पडवीत बसून लिहिली होती. वरती शीर्षक होतं, ‘शीख धर्मातील पाच ककार : शिक्षकांसाठी’. देवबागसारख्या, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या वाळूच्या पट्टीवर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या निवृत्त मराठी शिक्षकाला या विषयावर चौदा पानं का लिहावीशी वाटली, याचं कारण घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होतं.

त्या खोल्या मुळात पर्यटकांसाठी बांधल्या होत्या. पण खिडकी उघडली की खाडीचा गाळ दिसायचा, आणि गाळ बघायला मुंबईहून कुणी येत नाही. शेवटी तिथे हरपाल सिंग बायको-मुलीसह राहायला आला. पर्यटकांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा किनाऱ्यावर दुसरा नव्हता. त्याची मुलगी हरनूर सातवीत होती. मे महिन्यात ती अमृतसरला आजीकडे गेली आणि अमृत घेऊन, म्हणजे दीक्षा घेऊन परतली. तेव्हापासून पाच ककार, म्हणजे ‘क’ने सुरू होणाऱ्या पाच गोष्टी, तिच्या अंगाशी कायमच्या आल्या : न कापलेले केस (आणि ते झाकणारी केसकी, म्हणजे छोटी पगडी), केसांत खोचलेला लाकडी कंगवा, मनगटात लोखंडी कडं, कपड्यांच्या आत पट्ट्याला लावलेली बोटभर कृपाण, आणि कछेरा नावाची एक गुडघ्यापर्यंतची चड्डी.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत शाळेत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पावसाळ्यात निम्मी शाळा डोक्याला काही ना काही गुंडाळूनच येते. मग ऊन पडलं, सगळ्यांची डोकी उघडी झाली आणि एकच झाकलेलं राहिलं. मुख्याध्यापिका परुळेकर बाईंनी नियम दाखवला : मुलींनी दोन वेण्या, लाल रिबिनी, अंगावर धातूची वस्तू नको, धारदार तर नकोच. बाई दुष्ट नव्हत्या. सात महिन्यांत निवृत्त होणार होत्या, एवढाच त्यांचा दोष. ‘‘कुणीतरी आम्हा शिक्षकांना हे नीट समजावून द्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लेखी द्या. तोवर मुलीला घरी राहू दे.’’

‘‘मी समजावतो,’’ गुरुजी म्हणाले. ते त्याच शाळेतून निवृत्त झाले होते. ‘‘येत्या सोमवारी येतो.’’

किशोरी त्यांची एकुलती एक मुलगी. वय शेहेचाळीस, तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल. आयुष्यभर दुसऱ्यांचं वाचत आलेल्या माणसाला दुसऱ्याचं लिहिलेलं कापायची एक खोड लागते. रविवारी दुपारी ती लाल पेन घेऊन पडवीत बसली.

‘‘लांबलंय, बाबा.’’

‘‘कुठे?’’

‘‘सगळीकडे. एका पानात बसवायला हवं.’’

‘‘शिक्षकांना एका पानात काही कळत नाही,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘मी अडतीस वर्षं त्यांच्यात काढली आहेत.’’

तिसऱ्या पानावर मधोमध एक परिच्छेद सुरू होत होता, ‘माझी मुलगी किशोरी सहावीत असताना’. स्वतःचं नाव दिसताच तिने पुढे न वाचता त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘विषयांतर’.

संध्याकाळी कुळथाची पिठी आणि भात जेवताना गुरुजींनी विचारलं, ‘‘बाकी कसं झालंय?’’

‘‘आधी कापू, मग सांगते.’’

‘‘बरं,’’ ते म्हणाले, आणि त्यांनी थोडी पिठी अजून वाढून घेतली.

सोमवारी सकाळी साडेसहाला ते विहिरीवर दात घासायला गेले, कट्ट्यावर टेकले, आणि उठले नाहीत.

*

पुढचे बारा दिवस किशोरीला बसवेना. घरी माणसं समाचाराला येत ती बसायलाच येत, आणि त्यांच्यासमोर घरच्या माणसानेही बसावं अशी रीत आहे. ती टेकायची आणि उठायची. पाण्याचा तांब्या भरलेला आहे का बघायची. घड्याळ दोन मिनिटं मागे आहे म्हणून पुढे करायची, मग ते पुढे गेलं म्हणून मागे. एकदा तिने समाचाराला आलेल्या सहा जणांच्या चपला आकाराप्रमाणे लावून ठेवल्या आणि निघताना दोन जण एकमेकांच्या घालून गेले.

‘‘जरा बस गो माझे बाय,’’ शेजारच्या तुळसाकाकी म्हणाल्या. ‘‘रडाक येता तर रड.’’

‘‘चहा टाकतंय,’’ किशोरी म्हणाली आणि आत गेली. चहा तिसऱ्यांदा होत होता.

या सगळ्यात मागच्या दारच्या पायरीवर एक दृश्य रोज दिसे. सकाळी अकराला हरनूर गणवेश घालून, दप्तर घेऊन पायरीवर येऊन बसायची. धडे वाचायची, गणितं करायची. दीडला डबा खायची. पाचला, शाळा सुटल्यासारखी उठून आत जायची. शाळा तिला घेत नव्हती म्हणून तिने शाळेलाच पायरीवर बोलावून घेतलं होतं.

नवव्या दिवशी ती किशोरीला म्हणाली, ‘‘मावशी, गुरुजी बोलले होते सोमवार. आता कुठला सोमवार?’’

किशोरी पायरीवरची वाळू झाडू लागली.

‘‘सहामाहीला बसू दिलं नाही तर पप्पा मला आजीकडे ठेवणार. अमृतसरला.’’ मग जरा थांबून, ‘‘तिकडे समुद्र नाही.’’

बाराव्याचं जेवण उरकलं त्या संध्याकाळी किशोरीने चौदा पानं काढली आणि त्यांचं एक पान करायला घेतलं. निदान ते काम असं होतं की त्यात बसावं लागे.

*

आपल्याकडे कुणी काही लिहायला घेतलं की ते गावाचं होतं. तुळसाकाकी वाल सोलत शेजारी बसल्या.

‘‘ह्या सगळा लिवण्यापेक्षा मी सांगतंय ता कर. डाक्टराचा सर्टिफिकेट घे. चेडवाच्या डोक्याक लागला, पट्टी काढूची नाय.’’

‘‘किती दिवस, काकी?’’

‘‘धावी होयसर.’’

नारळ पाडणारा बाबली अंगणात उभा होता. त्याच्या कमरेला मागे आकडी, आणि आकडीत हातभर कोयती. ही कोयती तो झोपतानाच काय ती काढत असावा. त्याने कृपाणीबद्दल सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘केवढी आसा?’’

किशोरीने बोट दाखवलं.

‘‘येवढीच?’’ त्याच्या चेहऱ्यावर हरनूरबद्दल खरीखुरी कणव दाटली. ‘‘तिका सांग, मी बरी करून देतंय.’’

पण बाबलीचा मुख्य सल्ला वेगळा होता. माणसांच्या कचेऱ्यांत जाण्याआधी वरच्या कचेरीत अर्ज टाकायला हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सगळ्यांना देवळात नेलं, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं.

‘‘बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकराच्या शाळेत जो काय अडथळो इलो आसा, तो दूर कर रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ तुळसाकाकी, किशोरी आणि मागे हात जोडून उभा असलेला हरपाल सिंग.

‘‘तिचे केस आसत, कंगवो आसा, कडा आसा, बारकीशी कोयती आसा, तेंका कोणी हात लावूक नये रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

बाबली पाचव्या वस्तूपाशी आला आणि अडखळला. समोर देव, बाजूला बायका, मागे मुलीचा बाप. त्याने घसा साफ केला.

‘‘आणि पाचव्याचा... ता तुका ठावक आसाच रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ हरनूर एवढ्या जोरात ओरडली की देवळातली कबुतरं उडाली. त्या महिन्यात ती हसलेली पहिल्यांदा दिसली.

*

देवाच्या कचेरीत काम दहा मिनिटांत झालं. परुळेकर बाईंना मात्र ‘वरून’ कागद हवा होता. ‘‘तुम्ही समजावाल, मी समजेन,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण उद्या कुणी मला विचारलं की तुम्हाला कुणी समजायला सांगितलं, तर?’’

तालुक्याच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर एक कारकून होता. माणूस अतिशय सज्जन. त्याने किशोरीचा अर्ज दोनदा वाचला आणि तो दुःखी झाला.

‘‘मॅडम, विषय एक लिहायचा असतो. तुम्ही पाच लिहिलेत.’’

‘‘विषय एकच आहे. मुलीचा धर्म.’’

‘‘धर्म हा विषय नाही आमच्याकडे. केस म्हणजे आरोग्य. कडं म्हणजे गणवेश, दागिने. कृपाण म्हणजे... ते पोलीस ठाण्याच्या अभिप्रायाला जाईल.’’ त्याने पेन्सिलीने समासात आकडे घातले. चौथ्या आकड्यानंतर तो थबकला, आणि बाबलीसारखाच त्याने घसा साफ केला. ‘‘हे पाचवं... हे तपासणार कोण?’’

‘‘कुणीच नाही. म्हणून तर लिहिलंय.’’

‘‘पण एकदा लिहिलंत की तपासावं लागतं,’’ तो कळवळून म्हणाला.

आपल्या सरकारी व्यवस्थेला लोक उगाच नावं ठेवतात. ती काहीच करत नाही हे खोटं. आठ दिवसांत, तीन हेलपाट्यांनंतर, किशोरीच्या हाती सही-शिक्क्याचं उत्तर आलं. ते तिने कचेरीच्या व्हरांड्यात उभ्यानेच वाचलं : ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अ. क्र. २ (कंगवा) बाबत या कार्यालयाची हरकत नाही. उर्वरित बाबी संबंधित विभागांकडे अभिप्रायार्थ पाठविण्यात आल्या आहेत.’

अनेक भाषांतलं उत्तम गद्य वाचलेल्या किशोरीला या वाक्याला तोड सापडेना. ती एसटीत बसली, आपल्या थांब्यावर उतरायचं विसरली, आणि दोन थांबे मागे चालत आली. चालताना तिच्या मनात आलं, हे बाबांना सांगितलं की ते पोट धरून... आणि ती भर रस्त्यात क्षणभर थांबली. मग भरभर चालू लागली.

परुळेकर बाईंनी कागद उलटसुलट पाहिला. ‘‘चला, सुरुवात तर झाली,’’ त्या म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलं असावं. ‘‘असं करा, सोमवारी शिक्षकांची सभा आहे. या, बोला. सगळ्यांच्या हातात छापील काहीतरी द्या. छापील असलं की बरं असतं. मग बघू.’’

सहामाही त्यानंतरच्या गुरुवारी सुरू होत होती.

*

गावातला छापखाना मंगेशचा. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं, भजनांच्या स्पर्धांची पत्रकं आणि बाराव्याची कार्डं ही त्याची कामं. गुरुजींचं कार्डही त्यानेच छापलं होतं. मंगेशची एक पद्धत होती. तो नवीन काम कधी कोऱ्या पानावर सुरू करत नसे. आधीच्या कामाची फाईल उघडायची, जुना मजकूर पुसायचा, त्यात नवा ओतायचा. त्यामुळे चौकटी, वेलबुट्टी, वरचं देवाचं नाव पुन्हा करावं लागत नाही. ‘केळुसकर’ नावाने त्याच्याकडे एकच फाईल होती.

किशोरीला गठ्ठा मिळाला तो सोमवारी, सभेच्या वेळेवर, कागदात बांधलेला. गठ्ठा सोडून बघायला तिच्याकडे सवड नव्हती. हरनूर तिच्यासोबत होती, इस्त्रीच्या गणवेशात. शाळेच्या फाटकावर शिपायाने दोघींना थांबवून नावं लिहून घेतली. त्याच वेळी बाबली कमरेची हातभर कोयती हलवत आत गेला; त्याला शाळेच्या आवारातले माड साफ करायचे होते. शिपायाने त्याला तंबाखू विचारली.

शिक्षकांच्या खोलीत अकरा जण होते. हरनूरने पत्रकं वाटली. सगळ्यांनी माना खाली घालून वाचायला सुरुवात केली. शारीरिक शिक्षणाच्या सरांनी चष्मा काढला. परुळेकर बाई हळूच उभ्या राहिल्या. मग सगळेच उभे राहिले. अकरा माणसं, हात जोडून, नजर जमिनीवर.

किशोरीने हातातल्या पत्रकाकडे पाहिलं.

भोवती काळी चौकट होती. वरती ‘॥ श्री देव रामेश्वर प्रसन्न ॥’. मध्ये तिने कापून-तासून, जीव ओतून केलेलं एक पान : केश, कंघा, कडं, कृपाण, कछेरा. आणि त्याखाली, ठळक अक्षरांत, ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. दुःखांकित : किशोरी व समस्त केळुसकर परिवार.’

दोन मिनिटं फार मोठी असतात. कुणीतरी खोकलं. बाहेर माडावरून झावळी पडल्याचा आवाज आला. किशोरीला पहिल्यांदा हसू आलं आणि त्यामागून दुसरंच काहीतरी, म्हणून तिने दात आवळले. बारा दिवस घरात जी कुणासमोर नीट बसली नव्हती, तिला आता अकरा माणसांनी कोंडून उभं केलं होतं. हरनूर तिच्याकडे बघत होती. मग तिनेही हात जोडले.

‘‘गुरुजींना आपली विनम्र श्रद्धांजली,’’ परुळेकर बाई म्हणाल्या, आणि सगळे बसले. मग त्यांनी पत्रक पुन्हा पाहिलं. ‘‘फक्त... हे मधलं काय आहे?’’

आता हे एक पान घेऊन बोलणं शक्य नव्हतं. त्यातलं ‘कृपाण’ वाचून खालचं ‘मृतात्म्यास’ वाचलं की भलताच अर्थ निघत होता, आणि गणिताच्या सरांना तो लागलाही होता असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. किशोरीने पत्रकं गोळा केली. पिशवीत हात घातला. चौदा पानं तिथे होती. गेले कित्येक दिवस ती पिशवीतून काढायची राहून जात होती, असं ती स्वतःला सांगायची.

‘‘हे बाबांनी लिहिलंय,’’ ती म्हणाली. ‘‘लांब आहे.’’

ती वाचू लागली. गुरुजी घाईने मुद्द्यावर येणारे नव्हते. कड्यापाशी यायला त्यांना लोखंड, नांगर आणि हरपाल सिंगचे हात एवढ्या वाटेने यावं लागलं होतं. ‘हे कडं दागिना नाही,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘दागिना दुसऱ्याने पाहावा म्हणून असतो. हे आपल्या हाताने काही वावगं करण्याआधी आपणच पाहावं म्हणून असतं.’ कृपाणीच्या पानावर बाबली होता. ‘बाबली रोज हातभर कोयती घेऊन आपल्या शाळेत येतो व आपण त्यास चहा देतो, कारण ती कशासाठी आहे हे आपणांस ठाऊक आहे. हरनूरची कृपाण कशासाठी आहे हे आपणांस ठाऊक नाही, एवढाच फरक. दुबळ्यावर अन्याय होताना गप्प बसू नये, याची ती आठवण आहे. ती म्यानात शिवून ठेवता येते. मी तिच्या आईवडिलांशी बोललो असून त्यांची संमती आहे.’ पाचव्या वस्तूला गुरुजींनी दोनच ओळी दिल्या होत्या : ‘हा संयमाचा पोशाख आहे. तो शाळेच्या तपासणीच्या कक्षेत येत नाही, व येऊ नये.’ शारीरिक शिक्षणाच्या सरांनी सुटकेचा श्वास टाकला.

मग केस. आणि तिसरं पान, जे तिने मुद्दाम मागे सरकवलं होतं, तेवढं राहिलं. त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ होती. ती रेघेखालून वाचू लागली.

‘माझी मुलगी किशोरी सहावीत असताना तिची आई वारली. त्यानंतर तिच्या दोन वेण्या मी घालत असे. मला ते येत नव्हते. एक वेणी कानाजवळ येई, दुसरी मानेवर. एकदा शाळेत नव्याने लागलेल्या एका बाईंनी वेण्या नीट नाहीत म्हणून तिला तासभर वर्गाबाहेर उभे केले. त्या बाईंचे नाव लिहीत नाही. त्या आज चांगल्या पदावर आहेत.’

दहा माना हळूहळू परुळेकर बाईंकडे वळल्या. बाई टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिल्या.

‘किशोरी मला त्याबद्दल काही बोलली नाही. ती कोपऱ्यावर गेली की तुळसाकडून वेण्या परत घालून घेत असे, हे मला ठाऊक होते. तरी मी रोज घालत राहिलो. कारण मुलाच्या केसांतून रोज सकाळी कंगवा फिरवणारे कुणीतरी आहे, ही गोष्ट वेणी सरळ येण्यापेक्षा मोठी आहे असे मला वाटे. हरनूरची आई रोज सकाळी तिचे केस विंचरते व वर केसकी बांधते, ते मी पडवीतून पाहतो. शिक्षक बंधुभगिनींनो, त्या डोक्यावर काय आहे हे विचारण्याआधी तिथे कुणाचा हात आहे ते पाहा.’

किशोरी थांबली. पुढे समासात तिच्याच अक्षरात ‘विषयांतर’ लिहिलेलं होतं. ते तिने वाचलं नाही.

मग परुळेकर बाईंनी सूचनावही ओढली आणि मान वर न करता लिहायला घेतलं. लिहिताना त्या मोठ्याने म्हणत होत्या, कारण वर्गातली ती सवय जात नाही. ‘‘कु. हरनूर कौर उद्यापासून नियमित वर्गात बसेल. केसकी असल्यास रिबिनीची अट नाही. कडं राहील. कृपाण म्यानात शिवलेली, कपड्यांच्या आत. गुरुवारी सहामाहीला बसेल.’’ त्यांनी सही केली. ‘‘वरून काय यायचं ते येऊ दे. मी सहा महिने आहे अजून.’’ मग पेनाचं टोपण लावता लावता, अगदी हळू : ‘‘मी बावीस वर्षांची होते गो, किशोरी.’’

किशोरीने मान हलवली.

‘‘कंगव्याचं राहिलं, बाई,’’ हरनूर म्हणाली.

‘‘त्याला हरकत नाही,’’ किशोरी म्हणाली, आणि पिशवीतून सही-शिक्क्याचा कागद काढून टेबलावर ठेवला. पहिल्यांदा शारीरिक शिक्षणाचे सर हसले, मग सगळेच.

किशोरी खुर्चीत बसली. तशी नीट, टेकून, ती त्या रविवारनंतर बसली नव्हती. चौदा पानं तिने मांडीवर घेतली आणि त्यांच्या कडा जुळवल्या. लाल रेघेवरून तिने एकदा अंगठा फिरवला. शाई वाळून कधीच पक्की झाली होती. भोवती खुर्च्या सरकत होत्या, कुणी चहा सांगत होतं.

‘‘छान झालंय, बाबा,’’ ती म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तिचं अजून संपलं नव्हतं.

‘‘आणि वेण्यापण छान व्हायच्या.’’